तीन छेद चार

माझ्या नातीला भूगोलाच्या घटक चाचणीत एका प्रश्नाला अर्धा गुण मिळाला, आणि त्या अर्ध्या गुणापायी मला रोह्याहून पेणला जावं लागलं.

प्रश्न तसा साधा होता. मुळा नदीचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळतं? सातवीतल्या मुलीने लिहायचं उत्तरही साधंच. मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. नातीने लिहिलं, ‘दोन्ही’. पुढे पूर्णविराम. बाईंनी त्या पूर्णविरामाशेजारी लाल पेनाने अर्धा गुण दिला आणि अर्ध्याशेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “बाबा, हे ‘दोन्ही’ तिच्या डोक्यात कोणी भरवलं?”

मी गप्प राहिलो. छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला कुठे गप्प राहायचं ते कळतं.

“तुम्हीच ना? मग आता तुम्हीच येऊन निस्तरा.”

गुन्हा मला कबूल आहे. मे महिन्यात ती रोह्याला आली होती तेव्हा मी तिला कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग बघायला नेलं. बघायलाच, बसायला ह्या वयात कोण जातं! भर उन्हाळ्यात आसपासचे ओढे कोरडे ठणठणीत आणि ही नदी मात्र खळाळतेय, हे बघून ती म्हणाली, “आबा, हे पाणी कुठून येतं?” हा प्रश्न निवृत्त माणसाला विचारू नये. मी तिथेच दगडावर बसून सांगायला सुरुवात केली. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीला मुळा नदीवर टाटांनी धरण बांधलं. मुळा पूर्वेला चालली होती, तिला अडवून पश्चिमेला वळवलं. ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं, 1927 सालापासून तिथे वीज होते, आणि काम झालेलं पाणी कुंडलिकेत येतं. कोलाड, रोहा करत रेवदंड्याला अरबी समुद्रात. म्हणजे मुळेचं थोडं पाणी आंध्रातून एका समुद्राला जातं आणि थोडं आमच्या दारावरून दुसऱ्याला. ज्यांची शेतं त्या धरणात बुडणार होती ते मावळातले शेतकरी 1921 साली सत्याग्रहाला उभे राहिले, सेनापती बापट त्यात होते, हेही सांगितलं. तेवढ्यात एक तराफा उलटला आणि श्रोता उठून गेला.

आता ह्या एका पाण्याचे शाळेने किती तुकडे केलेत बघा. नदी भूगोलात. वीज विज्ञानात. सत्याग्रह इतिहासात, आणि स्वातंत्र्याचा लढा यायचा आठवीत, म्हणजे शेतं बुडाली तरी एक वर्ष थांबायचं. जमिनीचा मोबदला नागरिकशास्त्रात, आणि इतक्या व्यासाच्या पाइपातून तासाला किती पाणी, हे गणितात. पाण्याला ह्यातलं काही माहीत नाही. ते आपलं तासिकेची घंटा न ऐकता सरळ खाली येतं.

सहावी ते आठवी ह्या वर्गांना सरकारी भाषेत ‘उच्च प्राथमिक’ म्हणतात. उच्चही आणि प्राथमिकही. म्हणजे मोठा झालास, पण तसा झाला नाहीस. त्या वयातल्या पोराची अवस्था इतक्या नेमक्या दोन शब्दांत कुठल्या मानसशास्त्रज्ञाला मांडता आली नसती. माझा रोह्याचा नातू पाचवीत आहे, त्याची तर आणखी पंचाईत. कायद्याने तो अजून प्राथमिक, पण आमच्याकडे हायस्कूल पाचवीपासून, त्यामुळे सकाळी फुल पँट घालून ‘मी हायस्कूलला चाललो’ म्हणतो आणि संध्याकाळी बाटली हरवून रडत येतो.

पुस्तकांचंही असंच. विषयाला एक पुस्तक हे आमच्या वेळचं. 2023 साली दप्तराचं ओझं कमी करायला सरकारने युक्ती काढली. पुस्तकाचे चार भाग, प्रत्येक भागात सगळे विषय थोडे थोडे, आणि धड्यांच्या अधेमधे नोंदींसाठी कोरी पानं. नात तेव्हा पाचवीत होती. तिचं पुस्तक हातात घेतलं तेव्हा मला ती कोरी पानं बघवेनात. बँकेत कागदावर रिकामी जागा दिसली की आम्ही तिथे तिरकी रेघ मारतो, नाहीतर नंतर कोण काय लिहील नेम नाही. इथे सरकारनेच लाखो पोरांना रिकामी जागा छापून दिलेली! पुढे 2025 मध्ये ती पानं बंद झाली. मधल्या दोन वर्षांत त्यांवर महाराष्ट्रात काय लिहिलं गेलं ह्याची मोजदाद कुठे झाली असेल असं वाटत नाही. एका पुस्तकाचं मात्र मला पुढे कळलं. ते शेवटी सांगतो.

तर शनिवारी सकाळी मी निघालो. नातवाच्या पोटात बरोबर साडेसहाला दुखायला लागलं आणि मी पेणला जातोय असं कळल्यावर सहा पस्तीसला थांबलं. त्याला घेऊन स्टेशनवर आलो.

रोहा स्टेशनबद्दल आम्हा रोहेकरांना जरा जास्तच वाटतं. कोकण रेल्वेचे 741 किलोमीटर इथे सुरू होतात आणि पार कर्नाटकात ठोकूरला संपतात. पण आम्हाला जायचं होतं उलट्या दिशेला, त्यामुळे हा अभिमान पाठीमागे सोडून गाडीत बसलो. गाडी सुटताच मी पिशवीतून नातवाचं गणिताचं पुस्तक काढलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

“एक आगगाडी ताशी 63 किलोमीटर वेगाने...” मी सुरुवात केली.

“साठ तीन,” तो म्हणाला.

“त्रेसष्ट.”

“तेच ते. साठ तीन.”

2019 साली दुसरीच्या गणितात ही रीत आली तेव्हा केवढं वादळ उठलं होतं! त्रेसष्ट म्हणताना पोरं 36 लिहितात, शिवाय जोडाक्षरांना अडखळतात, म्हणून ‘साठ तीन’ असंही वाचू द्यावं, असं मंगला नारळीकरांच्या समितीचं म्हणणं होतं. मराठी बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो. बायकोने तेव्हा एकच आठवण करून दिली. कॅशवर असताना ‘एकोणसत्तर’च्या जागी ‘एकोणऐंशी’ ऐकून मी एकदा एकाला दहाची एक नोट जास्त दिली होती आणि संध्याकाळी खिशातून भरली होती. तेव्हापासून त्या विषयावर मी मत देत नाही.

निडी गेलं, नागोठणं गेलं, आणि कासूला गाडी बाजूला काढली. मागून कोकणातली एक्स्प्रेस यायची होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आमचं गणित अजून चालूच होतं.

“आबा, ही गाडी पुस्तकातली नाही,” नातू म्हणाला. “पुस्तकातली गाडी थांबत नाही.”

“बरोबर.”

“आत्ता हिचा वेग किती?”

“शून्य.”

“मग वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. अंतर भागिले शून्य.” तो गप्प झाला. मग जरा काळजीने म्हणाला, “शून्याने भागता येत नाही, बाई म्हणाल्यात. मग आपण पेणला पोचतच नाही का?”

समोर माठाच्या जुड्या घेऊन बसलेल्या मावशींनी आमच्याकडे बघितलं. “पोचतं रे बाला,” त्या म्हणाल्या. “रोज पोचतं.”

इतक्या वर्षांत मी कुणाला इतकं थोडक्यात समजावू शकलो नाही.

ऑगस्टात पेणला उतरलं की आधी देव भेटतात, मग माणसं. ओट्यावर, ओसरीत, गल्लीत टाकलेल्या फळ्यांवर, जागा मिळेल तिथे पांढरेफटक गणपती ओळीने बसलेले. सोंडेला रंग नाही, डोळ्यांना आखणी नाही. शेकडो न रंगवलेल्या नजरांमधून चालताना आपणच काहीतरी केलंय असं वाटतं. हमरापूर, जोहे, कळवे इथूनही टेम्पो भरभरून येत-जात असतात. लेकीच्या घराशेजारीच एक कारखाना आहे. मोठं नाव आहे म्हणून कारखाना म्हणायचं, एरवी पत्र्याची एक शेड आणि दोन पंखे. नात गणवेशातच तिथे उभी होती. शाळेला वीस मिनिटं होती.

“आबा, थांबा. आत्ता ओतणार आहेत.”

कारागिराने घमेल्यात पाणी घेतलं आणि प्लास्टर मुठीमुठीने भुरभुरवलं. एकदम टाकलं की गुठळ्या होतात. मग कोपरापर्यंत हात घालून गोल गोल फिरवलं, ताकासारखं झालं तसं रबरी साच्यात ओतलं, साचा कुशीवर फिरवून सगळीकडे थर बसवला. काथ्याचे भिजवलेले पुंजके आतून दाबले, पुन्हा एक थर. हे सगळं गप्पा मारता मारता, पण हात घाईत. कारण ते घमेल्यातच घट्ट व्हायला लागतं. मग तो बिडी पेटवायला बाहेर गेला. नातीने माझा हात धरून साच्यावर ठेवला. साचा चांगला कोमट लागत होता. चूल नाही, ऊन नाही, आणि देवाला ताप.

“पीओपी पाणी पितं आणि पुन्हा जिप्सम होतं,” ती म्हणाली. “तेव्हा उष्णता बाहेर पडते. म्हणजे हा रासायनिक बदल. शाडू नुसता वाळतो. पाण्यात घातला की परत माती. तो भौतिक बदल.”

चाचणीत तिने हेच उदाहरण लिहिलं होतं. शाडूचा गणपती भौतिक, पीओपीचा रासायनिक. तिथे पूर्ण गुण! पुस्तकात भौतिक बदलाला बर्फाचं आणि रासायनिकाला लोखंडाच्या गंजाचं उदाहरण देतात. पण पेणच्या पोराला बर्फ आणि गंज कशाला हवा? अख्खं गाव वर्षभर हाच धडा करतं.

नागरिकशास्त्रही त्याच शेडमध्ये आहे. पीओपीवर बंदी येणार, येणार नाही, आली, थांबली, अशी कित्येक वर्षं गेली. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, विसर्जनाचा प्रश्न मात्र वेगळा ठेवला. न्यायव्यवस्थेचा धडा पाठ करताना इतर गावची पोरं डुलक्या काढतात. इथे निकालाच्या दिवशी दुकानदार, कारागीर, रंगारी, सगळे मोबाइलला चिकटलेले असतात आणि पाचवीतल्या पोरालाही ‘याचिका’ हा शब्द येतो. कार्यानुभवाच्या तासाची मात्र इथे पंचाईत होते. ‘स्वतःच्या हाताने केलेली मातीची वस्तू आणा’ म्हटलं की निम्मा वर्ग अशी वस्तू आणतो, की बाईंनी हात जोडावेत.

शाळा सुटल्यावर बाईंना भेटायचं ठरलं होतं. मी पूर्ण तयारीनिशी गेलो. मुळशी धरणाची माहिती, नकाशा, नकाशावर लाल पेन्सिलीने काढलेला पाण्याचा मार्ग. बाई वर्गात एकट्याच प्रगतिपत्रकांच्या नोंदी लिहीत बसल्या होत्या. ह्या वर्णनात्मक नोंदी म्हणजे मराठी गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे. ‘भिंतीवर चढतो’ असं लिहायचं नाही. ‘मैदानी खेळांत विशेष रुची’ लिहायचं. दिवसभर बडबडतो, ‘संभाषणात सहभाग घेतो’. शेजाऱ्याचं बघून लिहितो, ‘गटात चांगले काम करतो’. बँकेत आम्हीही बुडीत कर्जाला बुडीत म्हणत नव्हतो, त्यामुळे मला बाईंबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मी नकाशा उलगडायला घेतला. बाईंनी हात वर केला.

“आजोबा, राहू द्या. माझं माहेर भिऱ्याजवळचं आहे. ते पाइप बघतच मोठी झालेय.”

मी नकाशा घडी करायला लागलो. नकाशा उलगडायला सोपा आणि घडी करायला अवघड असतो, हे त्या दिवशी कळलं.

“मग अर्धाच गुण का?”

“एक तर मी ‘मार्ग लिहा’ म्हटलं होतं, तिने एक शब्द लिहिला. आणि पूर्ण दिला असता तर पुढच्या चाचणीत अख्ख्या वर्गाने सगळ्या नद्यांपुढे ‘दोन्ही’ लिहिलं असतं. गोदावरी, दोन्ही. तापी, दोन्ही. एका पोरीने लिहिलं तर उत्तर, पंचेचाळिसांनी लिहिलं तर साथ.”

मला ह्यावर काही सुचलं नाही. निघताना नजर नातीच्या कार्डावर गेली. ‘सुधारणा आवश्यक’ ह्या रकान्यात बाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘उत्तरे सविस्तर लिहावीत.’ खाली थोडी जागा सोडून, ‘घरातील ज्येष्ठांशी भरपूर चर्चा होते.’ हे कौतुक होतं की तक्रार, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. रकाना तर सुधारणेचाच होता.

जेवताना विषय निघणारच होता. लेकीचं म्हणणं, आता एक दिशा धरायला हवी. गणित-विज्ञान पक्कं करायचं, बाकीचं पास होण्यापुरतं. मी म्हटलं, “आपल्या रोह्याच्या सी. डी. देशमुखांचं बघ.” बँकेतल्या माणसाला चिंतामणराव कुलदैवतासारखे. “केंब्रिजला जाऊन शिकले काय, तर निसर्गविज्ञान, त्यात वनस्पतिशास्त्र. झाले काय, तर 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. नोटेवर सही त्यांची. पुढे देशाचे अर्थमंत्री. आणि फावल्या वेळात संस्कृत श्लोक रचायचे, मेघदूत मराठीत आणलं. कुठे गेली तुझी एक दिशा?”

लेकीने पोळीवर तूप घालत विचारलं, “मॅट्रिकला कितवे आले होते?”

“पहिले.”

“संस्कृतात?”

“जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती.”

“आणि आयसीएसला?”

“पहिलेच.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “असं आपल्याकडेही होणार असेल तर माझी काही हरकत नाही.”

आपण आणलेला साक्षीदार उलटला की काय वाटतं ते वकिलांना विचारावं. आता नातीला जोर चढला. “आई, विनोबांनी तर दाखलेच जाळले होते. चुलीत.” विनोबा पेण तालुक्यातले, गागोद्याचे, 1895 चा जन्म. पेणच्या शाळांत हे नाव दर सप्टेंबरला निबंधाला असतं, त्यामुळे पोरांना ते पाठ. गणित विनोबांना जिवापाड आवडायचं हे ती सोयीस्करपणे विसरली. पण लेकही काही कच्ची नव्हती. “आपल्याकडे चूल नाही,” ती म्हणाली. “इंडक्शन आहे. जेव.”

दुपारी खारेपाटात विहीणबाईंकडे जायचं होतं. पेणपासून धरमतरच्या खाडीकडे निघालं की डोंगर मागे राहतात आणि जमीन एकदम सपाट होते. बांध, बांधाच्या अलीकडे भाताचं शेत, पलीकडे खाजण आणि चिखल, आणि मधेच एक उघाडी, आतलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायची. मोठ्या उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग वर्षा-दोन वर्षांची भाताची आशा सोडायची. इथल्या माणसाला समुद्र किती वाजता कुठे असतो हे माहीत असावंच लागतं. ‘भरती-ओहोटी’ हा सातवीच्या भूगोलाचा धडा. इथे तो पाळण्यापासून सुरू होतो.

विहीणबाई चौथी पास. आमची विहीण म्हणून सांगत नाही, पण मला त्यांच्यासमोर जरा सांभाळून बोलावं लागतं. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी दिराला हाक मारली. पाग घेऊन खाडीवर जायची वेळ झाली म्हणून.

“आजी, तुला घड्याळ न बघता कसं कळतं?” नातवाने विचारलं.

“आज तिथी कनची?”

नातीने मोबाइलवर कालनिर्णय काढलं. श्रावण वद्य पंचमी.

विहीणबाई डोळे मिटून पुटपुटल्या. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. पाचव्या बोटावर थांबल्या. “पावनेचारला भरती पुरी.”

मी चमकलो. ही पाऊणकी! आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेत. मी ती म्हणताना मार खाल्लाय. ती कशासाठी होती हे मला तेव्हाही कुणी सांगितलं नव्हतं आणि बँकेत आल्यावर कॅल्क्युलेटर मिळाला, म्हणून मी विचारलंही नव्हतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि पुढे रोज पाऊण तासाने उशिरा. पोरगा वहीत भराभर लिहीत होता. पाच गुणिले तीन छेद चार. पंधरा छेद चार. मग त्याने मान वर करून जाहीर केलं, “तीन पूर्णांक तीन छेद चार वाजता भरती!”

“पन पावनेचारला त,” विहीणबाई म्हणाल्या.

“तेच ते, आजी.”

पण नात ऐकेना. तिच्या पुस्तकात दोन भरत्यांमध्ये 12 तास 25 मिनिटं. म्हणजे रोजचा उशीर पाऊण तास नाही, 50 मिनिटं. पाच दिवसांचे 250, म्हणजे चार तास दहा मिनिटं. “आजी, तुझी भरती पंचवीस मिनिटं लवकर आहे.”

विहीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, नवीन भाडेकरूकडे बघावं तसं. “पुस्तकान लिवलंय त खरांच आसल,” त्या म्हणाल्या. “पन मावरां पुस्तक वाचीत नाय.”

मग आम्ही चौघे घड्याळ घेऊन बांधावर गेलो. साडेतीन. पाणी चढत होतं. मी उघाडीच्या भिंतीवर खडूने रेघ मारली, अगदी शास्त्रशुद्ध. पावणेचारला पाणी रेघेच्या वर दोन बोटं. विहीणबाई म्हणाल्या, झाली. नात म्हणाली, अजून चढतंय. मी वाकून दुसरी रेघ मारायला गेलो तर चष्मा खिशातून निसटला आणि तो काढताना एक पाय चिखलात गेला, पोटरीपर्यंत. बाहेर काढला तेव्हा पाय आला, चप्पल राहिली. ह्या गडबडीत पाणी चढायचं कधी थांबलं ते कुणीच बघितलं नाही. एक थर्माकोलचा तुकडा बराच वेळ एका जागी नुसता डुलत होता. तो समुद्राकडे हलायला लागला तेव्हा घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती. विहीणबाईंच्या मते पाणी मधे जरा विसावा घेतं, म्हणजे पावणेचार बरोबर. नातीच्या मते खाडी आत आहे, पाणी उशिरा पोचतं, म्हणजे चार-दहा बरोबर. नातवाने दोघींची बेरीज करून दोनाने भागली. मी चिखलात हात घालून चप्पल शोधत होतो. माझं मत कुणी विचारलं नाही.

घरी येऊन पाय धुतले. निघायची वेळ झाली तशी विहीणबाईंनी आतून डबा आणला. उन्हाळ्यात लाटलेले पोह्याचे पापड. पेणला जाऊन पापड न आणता परत आलो तर रोह्याला माझं काय होईल, हे त्यांना ठाऊक होतं.

“शेकडा द्या,” मी म्हटलं.

त्यांनी पाचापाचाचे वीस गठ्ठे मोजले आणि वर आणखी एक ठेवला. “शेकडा म्हंजे एकशेपाच,” त्या म्हणाल्या. “पाच तुटतान.” शेकडेवारीचा धडा शिकवणाऱ्यांनी ही व्याख्या कधी ऐकलेली नसणार. नातवाने तोंड उघडलं होतं, मी त्याच्या पायावर हलकेच पाय दिला. माझ्याकडे एकच पाय चपलेत होता, तोच.

पैसे काढायला खिशात हात घातला आणि लक्षात आलं, पाकीट पेणला लेकीच्या टेबलावर. मोबाइलवरून द्यावे तर खारेपाटात रेंज भरती-ओहोटीसारखी येते-जाते, आणि तेव्हा ओहोटी होती.

“आसूं द्या,” विहीणबाई म्हणाल्या. “लिवून ठेवतंय.”

फडताळातून त्यांनी एक पुस्तक काढलं. नातीचं पाचवीचं, चार भागांतलं एक. आत धड्यांच्या मधली सगळी कोरी पानं भरलेली होती. पोहे इतके किलो, पापडखार, हिंग, मिरची, कुणाचे किती शेकडे, कुणाचे आले, कुणाचे यायचे. कुठेही एक ओळ रिकामी नाही. तिरकी रेघ मारायला जागा शोधली असती तरी सापडली नसती. त्यांनी पानं उलटत उलटत एक जागा काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि अश्मयुगाच्या धड्यासमोर, दगडाची हत्यारं घासणाऱ्या माणसाच्या चित्राशेजारी, माझं नाव चढवलं : रोहेकर व्याही, एक शेकडा, उधार.